पूनमचा डोळा : जळगाव, साक्री, धुळे

जळगाव

जळगावात टिश्यू कल्चर म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. स्टेशनसमोरच्या चहावाल्याला आम्ही टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेचा रस्ता विचारला, तेव्हा त्यानेच उलट विचारलं, "किती एकर लावायचीये?" इथे टिश्यू कल्चर म्हणजे केळीचं रोप. बरणीत जन्मलेलं, निरोगी, सगळं शेत एकाच वेळी निसवणारं, म्हणजे घड टाकणारं. माझ्यासोबतची डॉ. मेधा पुण्यात टिश्यू कल्चरच करते, पण केळीचं नाही. लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगाच्या पेशी ती प्रयोगशाळेत वाढवते.

हा कर्करोग बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. बाहुलीत पांढरट चमक दिसते. फ्लॅश मारून फोटो काढला की एका डोळ्यात पांढरा ठिपका येतो. वेळेत सापडला तर मूल वाचतं आणि अनेकदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर मूल वाचवण्यासाठी डोळा काढावा लागतो. कोणतं औषध या पेशींना मारतं आणि किती मात्रेत, हे मुलावर वापरण्याआधी बाटलीत पाहता यावं, म्हणून मेधासारखे लोक त्या पेशी जिवंत ठेवतात. जगभरच्या प्रयोगशाळांत या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या पेशी मोजक्याच मुलांच्या आणि काही दशकांपूर्वीच्या आहेत. इतकी वर्षं बाटलीत राहून त्या मूळ गाठीसारख्या उरलेल्या नाहीत. म्हणून इथल्या, आजच्या मुलांच्या पेशी हव्या असतात. त्या सहसा टिकत नाहीत. काही आठवड्यांत मरतात.

एका मुलीच्या टिकल्या होत्या. ती साक्री तालुक्यातली. तिला इथे पूनम म्हणू. या मजकुरातली सगळी नावं बदललेली आहेत. धुळ्यात तिचा डावा डोळा काढावा लागला, आणि आईवडिलांच्या परवानगीने त्यातल्या गाठीचा तुकडा पुण्याला आला. पुढे रक्ताच्या तपासणीत दिसलं की तिचा आजार जन्मजात दोषातून आलेला आहे. याचा अर्थ तिच्या धाकट्या भावाचे डोळेही तपासायला हवेत, आणि लवकर. तो तेव्हा पाच महिन्यांचा होता. धुळ्याच्या रुग्णालयाने बापाला बोलावलं. रुग्णालयाच्या सांगण्यावरून मेधानेही फोन केले. प्रत्येक वेळी बाप "येतो मॅडम, नक्की येतो" म्हणाला आणि आला नाही. बालकांचे डोळे तपासणारा सर्जन धुळ्यात महिन्यातून एकदाच येतो. ती तारीख दोन दिवसांवर आली, तेव्हा मेधाने रजा टाकली. मी तिच्या प्रयोगशाळेवर लिहीत होतो, म्हणून सोबत निघालो.

बाप, छगन, जळगावच्या बाहेर केळीची रोपं तयार करणाऱ्या एका ठिकाणी कामाला होता. म्हणून आधी तिथे गेलो.

पहिला घोटाळा माझाच झाला. दाराशी निळ्या पाण्याचं तबक होतं, ते ओलांडून मी आत पाऊल टाकलं. "भाऊ, भाऊ, भाऊ! चप्पल!" आतून एक बाई ओरडल्या. पर्यवेक्षक ज्योतीताई. "तुमच्या एका चपलेनं माझ्या हजार बरण्या सडतील. पुण्यात पाय धुवून घरात जात नाहीत का?" मी तबकात उभा राहिलो. मेधा न सांगता चपला काढून, केस बांधून, हात धुवून तयार होती. ज्योतीताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या तुम्ही. तुम्हाला कळतंय."

छगन नव्हता. घरी कांदालागण होती, म्हणून दोन दिवस आधीच गावी गेला होता. फोन लागत नव्हता. डोंगराच्या कुशीतल्या त्या गावात तो कधीच लागत नाही, असं कळलं. निघायचंच होतं, पण ज्योतीताईंनी आम्हाला आत फिरवल्याशिवाय सोडलं नाही.

काचेच्या खोलीत बायका मास्क लावून बसल्या होत्या. समोरून स्वच्छ हवेचा झोत, हातात चिमटा आणि पातं, बाजूला ज्योत. केळीच्या कंदाचं टोक सोलत सोलत नखाएवढा पांढरा गाभा काढायचा, तो बरणीतल्या खळीसारख्या थरावर ठेवायचा. काही आठवड्यांत त्याला कोंब फुटतात. कोंब कापून वेगळे करायचे, पुन्हा बरणीत ठेवायचे. एका गाभ्यातून शेकडो. मग मुळं, मग ट्रे, मग हिरव्या जाळीखालची शेड, तिथून शेत. मेधा काचेला नाक लावून पाहत होती. "हे सगळं आमच्यासारखंच आहे," ती म्हणाली. "हवेचा झोतसुद्धा."

"छगन म्हणतोच ना तसं," ज्योतीताई म्हणाल्या.

"काय म्हणतो?"

"हेच की त्याच्या पोरीचा डोळा पुण्याला टिश्यू कल्चरला टाकलाय. छान वाढतोय म्हणे. तयार झाला की बसवणार. सगळ्या शेडला पेढे देईन म्हणतो."

मेधा काचेपासून बाजूला झाली. जेवणाच्या सुट्टीत तिने मला सांगितलं की प्रत्येक फोनवर छगन एकच प्रश्न विचारायचा, "कितलं मोठं व्हयनं?" किती मोठं झालं. तिला वाटायचं, माणसाला तिच्या कामात रस आहे. ती उत्साहाने उत्तर द्यायची, "मस्त वाढतंय, छगनभाऊ."

छगनची चूक मूर्खपणाची नव्हती. शेडमध्ये काम करताना तो रोज डोळ्यांनी पाहत होता की तुकड्यातून पुरतं झाड होतं. वनस्पतीत ते होतं. प्राण्याच्या शरीरात होत नाही. हा फरक त्याला कोणी सांगितला नव्हता, कारण कोणी सांगायची गरज आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. आणि डोळा तयार होणारच असेल, तर बाळाच्या तपासणीसाठी वेगळी फेरी कशाला? कामाचे खाडे टाळून एकाच खेपेत दोन्ही कामं होतील, असा त्याचा साधा हिशेब असणार.

शेडमधल्या बायकांनी आम्हाला जेवायला बसवलं. थंडीचे दिवस, म्हणजे भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं हिरवं वांगं, ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. पुण्यात आम्ही भरितात दही घालतो, असं मी सांगितलं. एकीने भाकरी हातातच धरून विचारलं, "मग त्याला कोशिंबीर का नाही म्हणत?" पुढचा घास मी बेसावधपणे घेतला, आणि त्या घासातल्या मिरचीवर सगळी पंगत हसली. मेधाने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

धुळे

एरंडोल, पारोळा मागे टाकून संध्याकाळी धुळ्यात पोचलो. गाडीचे चालक सुभाषभाऊ अमळनेरकडचे. अहिराणी त्यांची घरची भाषा, म्हणून त्यांनाच पुढे घेऊन जायचं ठरलं होतं. वाटेत त्यांनी मेधाला चार वाक्यं शिकवली आणि तिचे उच्चार ऐकून दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागेल इतके हसले.

रुग्णालयात सर्जनची भेट झाली; तपासणीच्या तारखेआधीच तो येऊन थांबला होता. परगावचा, चाळिशीचा माणूस, बोलायला मोजका. मेधाने केळीच्या शेडमधली हकीगत सांगितली. त्याने लगेच सल्ला दिला. "उद्या त्यांना काही सांगू नका. बाळ परवा सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे. तपासणी झाली की मी स्वतः सांगेन."

"आणि तोपर्यंत त्यांनी समजायचं की मी डोळा वाढवतेय?"

"तोपर्यंत ते येतील तरी. आज खरं सांगितलंत तर तुमच्यावरचा विश्वास जाईल आणि बाळ घरीच राहील. महिन्याने मी पुन्हा येईन तेव्हा गाठ कुठे पोचली असेल, हे तुम्हाला माहीत आहे."

मेधाला माहीत होतं. ती म्हणाली, "विचार करते."

रात्रीच्या जेवणात शेवभाजी होती; तवंग बोटभर आणि शेव जाड. धुळ्यात ताटाबरोबर कोणी कांदा विचारत नाही, तो न मागता येतो. मी मेधाला विचारलं की ती काय करणार आहे. "तो म्हणतो ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे," ती म्हणाली.

साक्री

धुळ्याहून साक्रीपर्यंत रस्ता सरळ आहे, पुढे तो डोंगराच्या बाजूने चढायला लागतो. त्या दिवशी आठवडे बाजार होता. बैलगाड्यांची जागा आता मालवाहू रिक्षांनी घेतली आहे, बाकी गर्दी तीच. लसूण, सुकी मिरची, कोंबड्या, आणि एका बाजूला मोबाइलची कव्हरं. गाव विचारत विचारत निघालो. गावकरी रस्ता सांगून थांबत नाहीत. कोणाकडे, कशासाठी, किती दिवस, हे सगळं विचारून घेतात. पुण्यात याला चौकशी म्हणतील. इथे त्याचा उपयोग होतो, कारण आम्ही पोचण्याआधी छगनच्या घरी निरोप पोचला होता.

घर कौलारू, दोन खणांचं. समोर ओल्या वाफ्यांत कांद्याचं रोप नुकतं लावलेलं. छगन चिखलाच्या हातांनी धावत आला. तिशीचा, सडपातळ. त्याची बायको मंगला ओट्यावर बाळाला घेऊन बसली होती. छगनचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, बाजेवरून उठून बसले. आणि आतून पूनम बाहेर आली. चार वर्षांची, दोन वेण्या घातलेली, डाव्या डोळ्याच्या जागी बसवलेला कृत्रिम डोळा जरासा तिरपा. ती सरळ मेधापुढे येऊन उभी राहिली.

"मना डोया लयना का?"

माझा डोळा आणलास का. हे सुभाषभाऊंना भाषांतरित करावं लागलं नाही.

मेधा खाली बसली. सर्जनचा सल्ला तिथे संपला. "नाही बाळा," ती म्हणाली. "तो डोळा येणार नाही." मग छगनकडे पाहून, "छगनभाऊ, डोळा कधीच वाढत नव्हता."

छगनने हात लुंगीला पुसले. "मॅडम, मी दर वेळी विचारलं. तुम्ही म्हणाल्या, मस्त वाढतंय."

"म्हणाले. तुम्ही कशाबद्दल विचारताय, हे मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

"मग काय वाढत होतं?"

मेधाने ते साध्या शब्दांत सांगितलं, आणि सुभाषभाऊंनी वाक्यावाक्याला अहिराणीत. केळीच्या गाभ्यातून केळ होते, पण माणसाच्या तुकड्यातून माणसाचा अवयव होत नाही. तिच्याकडे आलेला तुकडा चांगल्या डोळ्याचा नव्हता, गाठीचा होता. बाटलीत वाढतोय तो आजार.

मग आबा म्हणाले, "आमना छगन केयवाला व्हयना, तवयपासून त्याले बठ्ठं जग बरणीमा दिसस." केळीवाला झाल्यापासून याला सगळं जग बरणीत दिसतं. कोणी हसलं नाही, छगन तर नाहीच. तो वाफ्याच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला.

बोलली ती मंगला. तोपर्यंत तिने एक शब्द काढला नव्हता. "मंग त्याले जित्तं कसाले ठेवतस?" मग त्याला जिवंत कशाला ठेवता? "मन्या पोरीना डोया खादा त्यानी. आनि तुम्ही त्याले खावाले देतस?"

हा प्रश्न याआधी मेधाला सभागृहांत, परिषदांत अनेकांनी वेगळ्या शब्दांत विचारला असेल. इतका थेट कोणी विचारला नसावा. "मारण्यासाठी," ती म्हणाली. "खायला घालून त्याचे पुष्कळ भाग करतो. एका भागावर एक औषध टाकतो, दुसऱ्यावर दुसरं. कोणत्यानं मरतो, किती थोड्या औषधात मरतो, ते बघतो. हे पोरांवर करून बघता येत नाही. म्हणून त्याच्यावर करतो."

"मरस का?" मरतो का?

"बऱ्याच औषधांनी मरतो. सगळा मरत नाही अजून. थोडा उरतो, तोच पुन्हा वाढतो. त्या उरलेल्याच्या मागे आहोत." मग तिने पुढचं सांगून टाकलं. तुम्ही नको म्हणालात तर मी हे आजपासून थांबवीन, सगळ्या बाटल्या नष्ट करीन, आणि त्याचा बाळाच्या तपासणीशी काहीही संबंध नाही. बाळाची तपासणी दोन्ही बाबतींत होणार. "पण उद्या सकाळीच. तेवढं ऐका. पूनमसारखा दोष याच्यात असेल तर आत्ता गाठ कणाएवढी असेल. कण जाळता येतो."

मंगलाने बाळाकडे पाहिलं. बाळ सुभाषभाऊंच्या गळ्यातल्या साखळीकडे पाहत होतं, दोन्ही डोळ्यांनी. "मारत ऱ्हा मंग," ती मेधाला म्हणाली. "थांबू नका." मग नवऱ्याच्या पाठीकडे बघून मोठ्याने, "आयकं का? कांदा आबा लावतीन. उठा."

छगन उठला नाही. आम्ही चहा घेतला. गुळाचा, आल्याचा, कपात मावेल त्याहून थोडा जास्त. पूनमने मेधाची ओढणी तपासली, माझा चष्मा घालून पाहिला, आणि तो परत द्यायचं नाकारलं. तिला डोळा न आल्याचं जे काही वाटलं असेल, ते तिने आम्हाला दाखवलं नाही. अर्ध्या तासाने छगन हात धुवून आला आणि मेधाला न बघता सुभाषभाऊंना विचारलं, "गाडीमा जागा शे का? आम्ही बठ्ठा येसूत."

आबांसकट सगळे आले. कांदा शेजाऱ्यांनी लावला.

पुन्हा धुळे

तान्ह्या मुलाचे डोळे तपासायला भूल द्यावी लागते, आणि भुलीआधी काही तास त्याला दूध देता येत नाही. सकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाळाने आकांत मांडला. मंगलाने पदर घट्ट बांधून त्याला खांद्यावर घेतलं, फेऱ्या मारल्या. आबा परिचारिकेवर कडाडले, "लेकरूले उपाशी कसाले ठेवतस? दुस्मन शे का तो तुमना?" परिचारिका धुळ्याचीच होती. "आबा, तुमच्या वयाच्या माणसालाही उपाशी ठेवते मी, ऑपरेशनच्या आधी. तुम्हालाही ठेवू का?" आबा बसले. थोड्या वेळाने त्यांनी तिचं गाव कोणतं, माहेर कोणाकडचं, याची चौकशी सुरू केली. त्यात दूरचं नातं निघालं आणि वातावरण निवळलं.

छगन मेधाशी अजून बोलत नव्हता. बाळाला आत नेल्यावर तो तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला. मग एकदम म्हणाला, "शेडमध्ये एखाद्या बरणीला बुरशी लागली तर आम्ही ती फेकतो. तुम्ही फेकत नाही."

"नाही. आमच्याकडे बुरशीचाच अभ्यास असतो."

"हां." त्याला ते पटलेलं दिसलं. "मी ज्योतीताईला काय सांगू? पेढे म्हणून बसलोय."

"काय सांगायचं ते आत काय निघतं त्यावर आहे," मेधा म्हणाली.

दार उघडायला वेळ लागला. तपासणीला लागतो त्याहून बराच जास्त. मेधाला त्याचा अर्थ कळत होता. मंगलाने तो तिच्या चेहऱ्यावरून वाचला आणि उठून दाराशी उभी राहिली. पूनम तिच्या साडीला धरून.

सर्जन बाहेर आला. टोपी काढली. उजवा डोळा स्वच्छ. डाव्यात दोन ठिपके, कडेला, नजरेच्या मध्यापासून लांब. सापडले तेव्हाच लेसरने जाळले, म्हणून वेळ लागला. दर महिन्याला यावं लागेल, काही वर्षं यावंच लागेल, नवे ठिपके निघू शकतात. पण आज दोन्ही डोळे जागेवर आहेत आणि दोन्हींना दिसणार आहे. "महिनाभर उशीर केला असता तर मी हे वाक्य म्हणालो नसतो," तो म्हणाला. मग मेधाकडे वळून, "तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"काल."

"आणि तरी आले." सर्जनने एवढंच म्हटलं आणि पुढचं मूल तपासायला आत गेला.

छगनने भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. आबांनी सगळं पुन्हा एकदा परिचारिकेकडून अहिराणीत ऐकलं, मग आणखी एकदा. मंगला मात्र मेधापाशी आली. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"ते दोन ठिपका," ती म्हणाली. "ते पन पुण्याले लई जाशात का?" तेही पुण्याला घेऊन जाणार का?

"नाही," मेधा म्हणाली. "ते जळाले. आणि हा आजार डोळ्यात असताना सुई घालून काढता येत नाही. काढायला गेलं तर तो पसरतो. डोळाच काढावा लागला, तरच आमच्याकडे काही येतं."

मंगलाने हे मनाशी एकदा पुन्हा लावून पाहिलं. "म्हंजे ह्याना डोया वाचना, तर तुमले काय भेटनं?"

"काहीच नाही."

आतून बाळ रडायला लागलं होतं. भूल उतरत होती आणि भूक तशीच होती. मंगला हसली. त्या दोन दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. "बेस व्हयनं," ती म्हणाली, आणि पदर सोडवत आत गेली.